पिन अडकली नव्हती

बाबा, तुमची ती रेकॉर्ड बहुतेक सापडली. नातवानं फोनवर शोधून दिली आणि माझ्या कानात ती बोंडं खुपसली. पियानोचे तेच चार-पाच सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. तो म्हणाला, “आजी, कंटाळशील.” मी म्हटलं, गप्प बस, यात कुठं काय बदलतं ते मला ठाऊक आहे.

माझ्या मैत्रिणीचं अंजनगावचं लग्न आठवतं? लाउडस्पीकर तुमचा होता. अकोल्याहून रेकॉर्ड वाजवायची पेटी, बॅटरी, भोंगे एसटीच्या टपावर टाकून आपण सकाळीच पोचलो होतो. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना त्यांच्या रेकॉर्डी तुम्हाला देऊन गेल्या होत्या. नवी रेकॉर्ड पंगतीच्या वेळी लावून पाहायची तुमची रीत, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष वांग्याच्या भाजीत. पण त्या दिवशी तुम्ही बाईंची ही रेकॉर्ड लावता आणि तेच ते सूर ऐकून वाढपीसुद्धा थबकतात. तुम्हीही आधी पिनवर फुंकर मारता, बोटानं तिला हलकेच पुढं ढकलता. काही फरक नाही. मग मान कलती करून तसेच बसून राहता. नवरीचे मामा ताटावरून उठून येतात. “भाऊ, पिन अटकली ना तुमची! काहून पाहून राहिले नुसते?” तुम्ही म्हणता, “अटकली नाई जी. आयकून तं पाहा, बदलून राहिलं थे.” “मले गाणं पायजे!” म्हणत मामा उष्ट्या हातानं पिनची दांडी ओढतात आणि भोंग्यातून खर्रकन आवाज येतो.

नंतर घरी तुम्ही ती कितीदा तरी लावलीत. मामांच्या ओढण्यानं पडलेल्या चऱ्यापाशी आली की पिन मागं उडी मारायची. आता मात्र ती खरंच अडकायची. “पोरी, याच्या पुढं काय असन व?” शेवटच्या आजारपणातही तुम्ही हे विचारलंत आणि मला रडू आलं.

म्हणून मी हल्ली असलं सगळं शोधून ऐकते. एकानं पियानोच्या तारांत चक्क स्क्रू खोचले आहेत. तुम्ही पान्हा घेऊन धावला असता. त्यानंच एकदा तर वादकाला एकही सूर न वाजवता पियानोपुढं नुसतं बसवलं. मामांनी त्याला मांडवातून हाकललं असतं, तुम्ही मात्र भोंग्याला कान लावला असता. मला मोठी गंमत वाटते या लोकांची.

हे पत्र टाकायचं कुठं ते ठाऊक नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. तुमची रेकॉर्ड मी अजून पुरती ऐकलेली नाही. मामांनी दांडी ओढली ती जागा जवळ आली की मीच बंद करते. तिथपर्यंत आपण दोघं ऐकतो, बाबा. त्याच्या पुढं मला एकटीला ऐकावं लागेल.