नंबराला लावलेलं दप्तर

रविवार, चैत्रातली संध्याकाळ

लातूर जिल्हा झाला आणि माझी तिकडच्या कचेरीत बदली झाली, तेव्हापासून मी गावी फक्त रविवारचा असतो. आज पारावर मास्तर भेटले. म्हणाले, "तुमची सुमन रोज दप्तराविना वर्गात बसायलीय. गणितात तिचं काही खरं न्हाई."

दप्तर सापडलं ते पाण्याच्या टँकरच्या जागेवर, घागरींच्या रांगेत. उचलून घरी आणलं. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घागर नंबराला ठेवली तर चोरीला जायलीय. दप्तर कुणी नेत न्हाई."

दप्तर कुणी नेत नाही. यावर रागसुद्धा आला नाही. सुमननं हळूच विचारलं, "अप्पा, नंबर गेला का?"

मग दप्तरातली पुस्तकं काढली, वाऱ्यानं उडू नये म्हणून आत दगड भरले आणि ते जागेवर नेऊन ठेवलं. परत आलो तर सुमन पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली.

"अप्पा, दगडाचं आम्हाला सुचलंच न्हाई," ती म्हणाली. मास्तर शाबासकी देतात तशी.