माझा मीटर चुकत नाही

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
पुण्याच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी लागली. इतरांचे मीटर बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं काम. माझ्या स्वभावाला धरून आहे. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, मूळ प्रमाणपत्रांसह. रविवारच्या ट्रॅव्हल्सची खिडकीची सीट बुक केली.

प्रमाणपत्रं गोविंदसिंग सरांच्या कपाटात आहेत. शेलूबाजारातली ही खाजगी आयटीआय त्यांची. मी इथे शिकवते; नोकरीला लागताना कागदपत्रं त्यांच्याकडे जमा करावी लागतात. सर म्हणाले, आयटीआयच्या लॅबमधला टेबलावरचा मोठा मल्टिमीटर बिघडला आहे, परीक्षा तोंडावर आली. "तो सुदरव अन् कागदं घेऊन जाय."

उद्या दुपारपर्यंत होईल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपार
व्होल्ट दाखवतो, करंट नाही. म्हणजे फ्यूज. प्लग काढला, लीड काढल्या, आतल्या कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबले, मग झाकण उघडलं. घाई करणारे शॉक खातात. मी घाई करत नाही.

फ्यूज जळालेला. त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, तीही जळालेली. सरांना दाखवलं. ते म्हणाले, त्या तारेवर तीन वर्षं चालला ना. हे ते अभिमानाने म्हणाले.

स्टँडजवळच्या दुकानात काचेचा फ्यूज मिळतो. चालणार नाही. त्याच रेटिंगचा, वाळू भरलेला सिरॅमिकच हवा. नाहीतर जास्त करंट आला की फ्यूज आतच फुटतो. अकोल्याहून मागवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
फ्यूज बसवला. करंट बरोबर. काम संपलं.

सर कपाटाची किल्ली शोधत होते, तेवढ्यात शेवटची पडताळणी म्हणून माझा स्वतःचा छोटा मीटर लावून पाहिला. पॉवर सप्लाय बारा व्होल्टवर. मोठा मीटर: १२.०. माझा: १३.१.

सरांना म्हटलं, किल्ली राहू द्या. चुकीचा मीटर मागे सोडून मी जाणार नाही.

माझा मीटर डिप्लोमापासून माझ्याजवळ आहे. कोणाला देत नाही. डिस्प्लेच्या डाव्या कोपऱ्यावर नावाचं स्टिकर आहे: योगिनी. आजवर चुकलेला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
पॉवर सप्लायचा स्वतःचा डिस्प्लेही १२.० दाखवतो. म्हणजे तोही बिघडला. जुनाच आहे.

सपना आयटीआयचं ऑफिस सांभाळते, आम्ही एकाच खोलीत राहतो. तिने वायफायचा अडॅप्टर काढून आणला. त्यावर बारा व्होल्ट छापलेलं. मोठ्या मीटरवर बारा, माझ्यावर तेराच्या वर. स्वस्तातला अडॅप्टर. छापायला काय जातं?

सपना म्हणाली, "तिघं म्हणतात बारा. तुहा एकटाच म्हणते तेरा. मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

मी सांगितलं, मोजमाप मतदानाने ठरत नाही.

मग तिने विचारलं, "तुले जायचं तं हाये ना?"

प्रश्न तांत्रिक नव्हता.

आईचा फोन. बॅग भरली का. सांगितलं, एक स्क्रू राहिला आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ
आतल्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूवरचं सील तोडून तो फिरवला. मीटर चालू ठेवावा लागतो, शॉक बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे, उजव्यात प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर. सपनाच्या मते मी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीसारखी दिसत होते. दुर्लक्ष केलं. मोठा मीटर: १३.१. दोघं जुळले.

सरांनी प्रमाणपत्रं दिली. वर पेढाही.

संध्याकाळ
बॅग भरली. पुण्यात शोभेल असं नवीन स्टिकर छोट्या मीटरवर लावावं म्हणून जुनं सोलून काढलं. त्याच्या खाली बॅटरीचं चिन्ह. बॅटरी उतरल्याची खूण. बॅटरी उतरली की असे मीटर वाढवून दाखवतात. हे मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवते. फळ्यावर चित्र काढून.

नवीन बॅटरी टाकली. माझा: १२.०. मोठा: १३.१.

रविवार, १६ नोव्हेंबर
सरांना सांगायची गरज नव्हती. कागदपत्रं माझ्या बॅगेत होती. सांगितलं.

स्क्रू उलटा फिरवून भागणार नाही. बाकीच्या रेंजही हलल्या असतील, आणि सीलशिवाय मीटर परीक्षेला चालत नाही. कॅलिब्रेशन लॅबमध्ये पाठवून सील करून आणावा लागेल. सरांनी कागदपत्रांसाठी हात पुढे केला. मी दिली. "आता तो येईलोक तू रायजो." म्हणजे मीटर परत येईपर्यंत मी इथेच.

पुण्याच्या लॅबचा पत्ता मला पाठच होता. तिथल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, जागा थांबवता येणार नाही, यादीत पुढचं नाव आहे. मीटर मात्र जरूर पाठवा.

सीटचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून सरांनी मीटरचा खोका माझ्या सीटवर ठेवला आणि ओढणीने बांधला. ओढणी माझी. सपनाने गाडी वळेपर्यंत हात हलवला. म्हणाली, "खिडकीपाशी बसून गेला बिचारा."

खोलीवर येऊन छोट्या मीटरवर नवीन स्टिकर लावलं. या वेळी उजव्या कोपऱ्यावर. तिथे खाली काय उमटतं, ते पाहायची गरज वाटली नाही.