हिरवी कारवी

अकोले,
९ जून २०२५

चि. बिभीषणास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, जीभ मात्र शाबूत आहे. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून कागद घेतला.

तुझ्या बायकोचा, आरतीचा फोन आला होता. भंडारदऱ्याच्या तुझ्या नव्या खोल्यांत पर्यटकांच्या गाद्यांवर भिंतीतून पीठ गळतं म्हणे. "ताई, कोणतं औषध मारू?" बिचारी विचारत होती.

औषध नाही. कीड आतून भिंतींतल्या कारवीच्या काठ्या खाते आहे. या पावसात तुझे कुड, सगळ्या भिंती, बसतील.

गेल्या वर्षी सात वर्षांनी भंडारदऱ्याचा आपला वरचा उतार कारवीच्या फुलांनी जांभळा झाला. आई रोज विचारायची, "समदी फुलली का गं? पुढच्या खेपेला म्या न्हाई." रविवारी जीपने नेतो, असं तूच कबूल केलंस. आणि शनिवारी माणसं लावून अख्खा उतार कापलास. पाहुण्यांना खोलीतून धरण दिसायला हवं, वर भिंतींना काठ्या फुकट!

रविवारी तू फिरकला नाहीस. मीच तिला एसटीने, हाताला धरून नेलं. खुंटांमध्ये उभी राहून तिने एक तुडवलेला तुरा उचलला.

"कुनी केलं गं ह्ये? बोंडं तरी फुटू द्यायची. बी पडलंच न्हाई."

मी नाव सांगितलं नाही.

कुड उभे राहत होते तेव्हा मी आले होते, आठवतं? काठ्यांना ओल होती, आणि ओल्या काठीला कीड लागतेच. बोंडं फुटून काठी वाळल्याशिवाय आईने जन्मात कोणाला कोयता लावू दिला नाही. तू तिचाच मुलगा, आणि विसरलास. मी तोंड उघडणार तोच गड्यांसमोर हसलास, "आली आमची सभा! ताई, भाषण नको. हात लाव, न्हाईतर बाजूला हो."

मी बाजूला झाले. ग्रामसभेत, मोर्चात, आमदाराच्या तोंडावर बोलणारी मी त्या दिवशी गप्प बसले. मुद्दाम. त्याचं वाईट मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आरतीचं बोलणं आईने ऐकलं. म्हणते, "पोराचं कुड म्याच नीट करून देते." पुढच्या बुधवारच्या एसटीने आम्ही येतोय. ती काठी हातात घेईल, नखाने सोलेल आणि विचारेल, इतकी कवळी कारवी कुठल्या उतारावरची?

उत्तर तूच द्यायचंस.

तू सांगितलंस तशी, याही वेळी बाजूला उभी राहणारी,
सविता