पाळी सुटल्यावरची धूळ

सोमवार. सकाळी आईला बोरीच्या एसटीत बसवलं, मावशीकडे. कारखाना बंद होता, सिमेंट दळायच्या गिरणीचं बेअरिंग बदलायचं काम चालू आहे. संध्याकाळी लवकर घरी आलो. वारा अजिबात नाही.

अप्पा, उद्या प्रदूषण मंडळाची माणसं येणार आहेत, म्हणून लिहितोय. तुम्ही गेल्यानंतर पिंगळीजवळचा आपला सिमेंट कारखाना पुष्कळ बदलला. नियम कडक झाले. क्लिंकरचे, म्हणजे भट्टीतून निघालेल्या खड्यांचे, उघडे ढीग आता बंद शेडमध्ये असतात, धूळ धरायच्या फिल्टरला नव्या पिशव्या लावल्यात, ताडपत्रीशिवाय ट्रक फाटकाबाहेर सोडत नाहीत. दारातल्या बेलाची पानं हिरवी दिसतात. पूजेला तोडताना आई ती आता धूत नाही.

कारखान्याला सगळ्यात जवळचं घर आपलं, म्हणून हवा मोजायचं मशीन आपल्याच गच्चीवर बसवलंय. हवेत धूळ किती, त्याची रेघ मोबाईलवर दिसते. ती बघायचं काम माझ्याकडे आहे. दिवसभर रेघ सरळ चालते. संध्याकाळची पाळी सुटली की मर्यादेच्या वर जाते, थोडी थांबते आणि खाली येते. कारखान्याचे साहेब म्हणाले, "एवढ्यासाठी कारखान्याला कुलूप लागंल. तुमच्या गच्चीवर कोण मिरच्या कांडायलंय का?"

एक दिवस मी त्या वेळेला गच्चीवर गेलो. आई तुमचा कामावरचा खाकी सदरा कठड्यावर आपटत होती. रोज ती तुम्हाला दाराबाहेर पायरीवर उभं करून कापडं झटकायला लावायची, ते आठवलं. तुम्ही म्हणायचात, "सिमेंटच हाय की, इख न्हाई." ती म्हणायची, "मंग तिथंच ऱ्हावा, भिंतीत बसा." तुम्ही हसता, हसता हसता खोकला लागतो, आणि ती पाणी आणून देते.

"आई, काय करायलीस?"

"कितींदा धुतला तरी जाईना बघ," ती म्हणाली.

खरंच धूळ निघत होती. आपल्या रीतीप्रमाणे शेतात तुम्हाला बसवून माती दिली तेव्हा अंगावरचं कापड पांढरं स्वच्छ होतं. त्याला आता किती वर्षं झाली. तरी कारण सापडलं म्हणून मी सुटलो. साहेबांना सांगितलं, तेही हसले. सदरा ट्रंकेत ठेवून मी कुलूप लावलं.

आज आई घरी नाही. गिरणी बंद. सदरा कुलपात. पाळी सुटायच्या वेळेला मी गच्चीवर एकटा रेघ बघत उभा होतो. ती वर गेली.

खाली उतरलो. दारात कोणी नव्हतं. पायरीवर राखाडी भुकटी पडली होती आणि मधोमध दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती.

अप्पा, उद्याचा दिवस कापडं झटकू नका. रेघ वर गेली तर कारखाना बंद करतील, आणि आपली चूल त्याच्यावरच आहे. तसेच आत या. आई नाही, मी काही म्हणणार नाही.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही, ते मला कळतं. खरं सांगायचं तर, उद्या रेघ सरळ राहिली तर मला बरं वाटेल की नाही, ते सांगता येत नाही.

पायरी झाडायला खराटा घेतला होता, तो परत कोपऱ्यात ठेवला. आता पाय धुवायला तांब्याभर पाणी दाराशी ठेवतो आणि भात टाकतो.