डाव्या पायाच्या फर्म्यावरील हक्काबाबत

प्रति,
मा. मयत मिळकत अधिकारी,
मोहोरबंद मालमत्ता विभाग, दुसरा मजला.

विषय : मयत थोरले बंधू यांच्या मिळकतीतून माझा डावा पाय परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपली जाहीर नोटीस व माझे आधीचे तीन अर्ज.

महोदय,

१. माझे थोरले बंधू मापाचे बूट शिवत. तीन महिन्यांपूर्वी ते वारले. आपण दुकानाला मोहोर लावून हक्कदारांस तीस दिवसांत अर्ज करण्यास कळवले. मी बाविसाव्या दिवशी केला. दुकान, शिलाईयंत्र, चामडे सगळे पुतण्याचे आहे, त्यावर माझा डोळा नाही. मला फक्त माझ्या डाव्या पायाचा फर्मा हवा आहे.

२. फर्मा म्हणजे ज्यावर बूट चढवून शिवतात तो पायाचा लाकडी साचा. माझे डावे पाऊल जन्मापासून आत वळलेले असल्याने बाजारच्या बुटात जात नाही. मी सोळा वर्षांचा असताना दादांनी हा फर्मा कोरला. पुढे पाय बदलेल तशी दर वर्षी त्यावर चामड्याची एक पट्टी चिकटवली. अशा एकतीस पट्ट्या आहेत. मी वाचनालयात पुस्तके लावतो, काम दिवसभर उभ्याचे. दुसरा कारागीर गाठला, तर तो पाय बघूनच म्हणाला, "नको बुवा, आमचं नाव खराब व्हायचं. तयार फर्मा असेल तर आणा."

३. आपल्या यादीत "लाकडी पाय, जळाऊ, १४२ नग" अशी नोंद असून गुरुवारी लिलाव आहे. दादा फर्म्यावर गिऱ्हाइकाचे नाव घालीत नसत, मनात येईल ते कोरीत. डॉक्टरांच्या फर्म्यावर "घाई" आहे, माझ्यावर "हट्टी". मी व "हट्टी" एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आपल्या लिपिकांनी मागितले, ते दिले. आता ते म्हणतात, "पाय तुमचा असेल हो, लाकूड मयताचं आहे. पुतण्याची संमती आणा." पुतण्या म्हणतो, "साहेबांना विचारा." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली आहे.

४. पुतण्याची लेखी हरकत अशी की, काका सहा वर्षे बाबांशी बोलत नव्हते, तर हक्क कसला? न बोलणे खरे आहे. आईच्या आजारपणात भांडण झाले व चूक माझी होती. तरी दर वर्षी मी दुकानात जाऊन मुकाट्याने पाय पुढे करी आणि ते मुकाट्याने माप घेत. शेवटच्या खेपेस त्यांचा हात थरथरत होता. मी काही विचारले नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

५. सध्याच्या बुटाचा तळ गेला आहे. मागील खेपेस आपल्या जिन्यात पडलो. तरी फर्मा शिपायाहाती खाली पाठवावा. मी शेजारी पाय ठेवून दाखवतो. जुळला नाही तर निमूट घरी जाईन. पण जुळेल, महोदय. सहा वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नाही, तरी दादांचे माप चुकले नाही.

आपला नम्र व तूर्त एका पायावर उभा,
(सही)
मयताचा धाकटा भाऊ
दि. १४, मंगळवार

सोबत :
१) "हट्टी" असल्याचे प्रतिज्ञापत्र.
२) डावा बूट, एक नग. पाहून लगेच परत पाठवावा, मी खाली पायरीवर थांबलो आहे.