‘पुट’ची पानं

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६
आर. के. पुरम

अजून त्या पानांतून बाहेर आलेलो नाही.

अठ्ठावीस वर्षं मंत्रालयात फायलीतल्या प्रत्येक नोटच्या शेवटी मी एकच लिहीत आलो, ‘पुट अप फॉर ऑर्डर्स’, म्हणजे साहेबांच्या आदेशासाठी सादर. परवा ते ऐकून आमची मुक्ता हसली. तिच्या गुडगावच्या नव्या ऑफिसात असं इंग्रजी कोणी लिहीत नाही म्हणे. लागलं मला. का लागावं एवढं? मुलगीच तर आहे.

आज तिनेच, काल ऑफिसच्या लायब्ररीतून आणलेला इंग्रजी शब्दकोशाचा एक जाडजूड खंड माझ्यापुढे ठेवला. “चला बाबा, बघूया तुमचं पुट.” एवढ्याशा क्रियापदाला पानंच्या पानं. जुना अर्थ, ढकलणे. “अच्छा, म्हणून शॉटपुट,” मुक्ता म्हणाली. पहाडगंजच्या शाळेत ती लोखंडी गोळा फेकायची.

आणि प्रत्येक अर्थाखाली बारीक टाइपात कुणाकुणाची वाक्यं, सालासकट. कुणाच्या पत्रातलं, कुणाच्या प्रवासाच्या वहीतलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी सहज लिहून गेलं आणि कुणीतरी ते जपून ठेवलं. त्या बारीक टाइपावरून मी बोट फिरवत राहिलो.

“तुमची एखादी जुनी नोट आहे घरात?” मुक्ताने विचारलं.

“सरकारी कागद घरी आणत नसतात.”

“मग आत्ता लिहा.”

एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘पुट अप फॉर ऑर्डर्स’. खाली सही केली, तारीख घातली. तिने ती चिठ्ठी त्याच पानात ठेवली आणि खंड मिटला. उद्या परत करतानाही काढणार नाही, म्हणाली.