एका कुलपापायी झालेली माझी बदनामी

तीर्थस्वरूप अक्का यांना साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे केवळ लेखी समजावे, कंबर सध्या आठांपैकी चारच अंगांना परवानगी देते.) आपले गुडघे, आपले रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि त्या यंत्रावर विश्वास न ठेवणारे आपले यजमान, या तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. मी बरा आहे. आपली धाकटी बहीण जाऊन परवा चौदा महिने झाले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मी सध्या इंटरनेटवर बदनाम आहे, हे आपल्या कानावर आलेच असेल. आपल्या सूनबाईंनी तो मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून खाली सात हसरे चेहरे काढले, हे मी पाहिले आहे. (मोजलेही आहेत.) तरी वस्तुस्थिती क्रमवार निवेदन करणे मी माझे कर्तव्य समजतो.

ज्या वर्तमानपत्रात मी छत्तीस वर्षे मुद्रितशोधक होतो, त्याने आपल्या संकेतस्थळावर कार्यकर्त्यांसाठी ब्लॉग उघडले, हे आपणास ठाऊक आहे. बातमीदार एखाद्या प्रश्नापाशी अर्धा तास उभा राहतो, कार्यकर्ता वीस वर्षे. तेव्हा बातमीशेजारी त्याचेही म्हणणे वाचकाला मिळावे, ही कल्पना. कल्पना उत्तम होती. वाचक मात्र बातमी वाचून थेट हवामानाकडे वळत. रस्त्यांवर एक गृहस्थ लिहीत (त्यांना सगळे खड्डेभाऊ म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे), झाडांवर एक बाई, आणि भाजीबाजारातल्या स्त्रियांच्या शौचालयावर आपली बहीण. शौचालय बांधून दोन वर्षे झाली, परंतु उद्घाटनाला कोणास बोलवावे हे ठरत नसल्यामुळे त्याला कुलूप. जावे लागू नये म्हणून बाजारातल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. हे तिने अकरा वेळा लिहिले. वाचक सरासरी चौदा. (त्यांत एक मी, एक आपण, उरलेले बारा कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही.)

ती गेल्यावर ब्लॉग सांभाळणाऱ्या संपादिकेचा फोन आला. मुलगी सभ्य आहे, फक्त वाक्य पुरे करीत नाही. "काका, काकूंचा ब्लॉग आता... म्हणजे, कळतंय ना?" कळले. मी म्हणालो, बंद करू नका. तिची तक्रारवही माझ्यापाशी आहे, कुलूप निघेपर्यंत दर सोमवारी त्यातला मजकूर टंकून पाठवीन.

आता ही वही. आपली बहीण प्रत्येक तक्रारीला क्रमांक देई आणि ती निकाली निघाली की फुली मारी. वही मात्र एकच. नगरपालिकेविरुद्ध एक आणि माझ्याविरुद्ध एक, अशा दोन वह्या ठेवण्याची गरज तिला कधी भासली नाही. क्रमांक ४३ कुलूप, ४४ मी, ४५ पुन्हा कुलूप. (फुल्या पाहता आम्हा दोघांत नगरपालिका किंचित सरस आहे.) आपण म्हणाल, ४४ वगळायचा होता. अक्का, लेखकाच्या हस्तलिखितातला शब्द मी छत्तीस वर्षांत गाळला नाही. मग जिला आता विचारताही येत नाही, अशा लेखिकेचा अख्खा क्रमांक स्वतःच्या सोयीसाठी कसा गाळू? शिवाय चौदा वाचकांपुढे माणसाची अशी किती अब्रू जाणार, असाही माझा अंदाज होता.

क्रमांक ४४ येणेप्रमाणे: "आजारी आईपाशी दोन महिने होते. यांना चार पानी पत्र लिहिले. यांनी लाल शाईने चुका काढून परत पाठवले. खाली शेरा: हस्ताक्षरात सुधारणा आहे."

दुपारपर्यंत नऊ हजार वाचक. हा मनुष्य अजून मोकळा फिरतो का, अशी एकाने पृच्छा केली. मी तत्काळ खुलासा प्रसिद्ध केला, की तिसऱ्या पानावरील एक चूक मी जाणूनबुजून सोडून दिली होती, सबब निष्ठुरपणाचा आरोप टिकत नाही. खुलाशाला चौदा हजार वाचक मिळाले. समर्थक एकही मिळाला नाही. बाजारात गेलो तर टोमॅटोवालीने माझी पिशवीच धरून ठेवली. "लाल शाईवाले ना तुम्ही? आधी माफी मागा, मग टोमॅटो." मी म्हणालो, बाई, जिची मागायची ती आता नाही. "ते आम्हाला ठाऊक नाही होय? आमच्यासाठी उन्हात उभी राहायची ती. म्हणून तर तिच्या वतीनं आम्ही घेतोय. मागा मुकाट्यानं." भर बाजारात मागितली. टोमॅटो निवडून दिले, हेही नमूद करतो.

मात्र माझी निंदा वाचायला आलेला मनुष्य जाता जाता ४३ आणि ४५ देखील वाचतो. नगरपालिकेत कुलपासाठी फोन खणखणू लागले. आरोग्य अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतले, खुर्ची दिली, दार लोटले आणि हळूच विचारले, "कुलपाचं बघू हो. आधी सांगा, ५२ खरं आहे का? डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या चुका तुम्ही त्यांना तिथंच दाखवल्यात?" मी म्हणालो, खरे आहे. (ती तिच्या शस्त्रक्रियेची सकाळ होती आणि माझ्या हातांना काहीतरी काम हवे होते, हे त्यांना सांगितले नाही.) गृहस्थ प्रसन्न झाले. म्हणाले, असेच फोन येत राहिले तर पुढच्या महिनाअखेरीस उद्घाटनावाचूनच कुलूप काढतो. थांबले, तर फाइल पुन्हा वर जाईल.

खड्डेभाऊंनी हे पाहून आपल्या पत्नीला स्वतःविरुद्ध दोन ओळी लिहून देण्याची विनंती केली. तिने एकवीस पाने दिली. तेव्हापासून ते बराच वेळ खड्ड्यांपाशीच असतात.

मध्यंतरी एका सोमवारच्या मजकुरात योगायोगाने मी नव्हतो, नुसते कुलूपच होते. वाचक एकतीस. फोन शून्य. त्यावरून काय ते आपण समजावे.

घरातील सर्वांना यथायोग्य सांगावे; सूनबाईंना जरा कमी सांगावे.

आपला आज्ञाधारक,
बहिणीचा नवरा
(क्रमांक ४४, ४९, ५२ व इतर)

ता. क. वहीत माझ्याविरुद्ध आता तीनच तक्रारी उरल्या आहेत आणि कुलूप निघायला सहा सोमवार आहेत. ती आपणास नियमित पत्रे लिहीत असे आणि त्यांत माझा विषय निघत असे, याची मला कल्पना आहे. ती पत्रे कृपया उलटटपाली पाठवावीत. काही सौम्य करू नये.

आणखी एक. वर "मी बरा आहे" असे लिहिले आहे. तो मजकूर तपासलेला नाही.

शेवटचे. एखाद्या पत्रात तिने चुकून माझे कौतुक केले असल्यास ते ब्लॉगच्या उपयोगाचे नाही; वाचक घटतात. तसली पत्रे असलीच, तर निराळ्या पाकिटात घालावीत. त्यावर फक्त माझे नाव घालावे.